घरातला समुद्र आठ दिवसांत तयार होत नाही

प्रति,
मा. संपादक,
रविवार पुरवणी विभाग

विषय : खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीसंबंधीच्या लेखातील तीन विधानांबाबत

महोदय,

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाणखान्याच्या सजावटीवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात एका चौकटीत खाऱ्या पाण्याची छोटी प्रवाळ-टाकी घरी कशी मांडावी याची माहिती दिली होती. नाशिकसारख्या, समुद्रापासून दूर आणि सुमारे सहाशे मीटर उंचीवर वसलेल्या शहरातील वाचकांसाठी हा विषय घेतला याचा मला आनंदच झाला, कारण गेली नऊ वर्षे मी गंगापूर रोडवरील माझ्या सदनिकेत अशी शंभर लिटरची टाकी सांभाळत आहे आणि या छंदाबद्दल मराठीत फारच थोडे छापून येते. मात्र त्या चौकटीतील तीन विधाने अशी आहेत की त्यांवर विसंबून कोणी टाकी आणली, तर त्याचे पैसे जातील, मासे मरतील आणि प्रसंगी त्याच्यावर गुन्हाही दाखल होईल. टाकी आठ दिवसांत तयार होते, घरच्या आरओचे पाणी त्यासाठी पुरते आणि छायाचित्रातल्यासारखी प्रवाळे बाजारातून आणून लावता येतात, ही ती तीन विधाने होत. यांपैकी शेवटचे सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

छायाचित्रात हरणाच्या शिंगांसारखे फांद्या फुटलेले जे जांभळे प्रवाळ दिसत होते, ते दगडी सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळांपैकी आहे. सन १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्या यादीत वाघाचे नाव आहे त्याच यादीत, सन २००१ मध्ये दगडी सांगाड्याची सर्व प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. समुद्रघोडाही त्याच वेळी या यादीत आला. या यादीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा तुरुंगवास आहे, आणि २०२२ च्या सुधारणेनंतर दंडाची किमान रक्कम २५ हजार रुपये झाली आहे. प्रवाळ जिवंत असले पाहिजे असेही नाही. त्याचा वाळलेला पांढरा तुकडा शोभेसाठी ठेवणे हासुद्धा गुन्हाच ठरतो. पूजासाहित्यात 'इंद्रजाल' म्हणून काळ्या जाळीदार फांदीची जी चौकट विकली जाते आणि भिंतीवर लावल्यास दृष्ट लागत नाही असे सांगितले जाते, ती वनस्पती नसून बहुधा समुद्रपंखा किंवा काळे प्रवाळ असते, हे आपल्या तीर्थक्षेत्री येणाऱ्या भाविकांना कोणीतरी सांगायला हवे. पण तो वेगळ्या पत्राचा विषय झाला.

दुकानदार बहुतेक वेळा सांगतो की माल परदेशी आहे, त्याला आपला कायदा लागत नाही. हे खरे नाही. दगडी सांगाड्याची सर्व प्रवाळे संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे त्यांना देशाची सीमा ओलांडण्यासाठी कागदपत्रे लागतात, आणि अशी कागदपत्रे गिऱ्हाइकाला दाखवणारा दुकानदार मला नऊ वर्षांत भेटलेला नाही. 'लाइव्ह रॉक' या नावाने विकल्या जाणाऱ्या सच्छिद्र दगडांचीही गत तीच, कारण ते दगड म्हणजे मृत प्रवाळांचे सांगाडेच असतात. त्याऐवजी सिरॅमिकचे किंवा सिमेंटच्या मिश्रणातून बनवलेले कृत्रिम सच्छिद्र दगड मिळतात. सुरुवातीचे काही महिने ते ओकेबोके दिसतात, पण वर्षभरात त्यांवर गुलाबी-जांभळ्या शैवालाचा थर चढला की पाहुण्यांना फरक कळत नाही.

प्रवाळे पाहायची हौस असणाऱ्यांसाठी आपल्याच राज्यात सिंधुदुर्गचा किनारा आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा प्रवाळांनी भरलेला आहे. तिथली प्रवाळे तिथेच राहू द्यावीत.

मग घरी ठेवायचे काय, तर दगडी सांगाडा नसलेली मऊ प्रवाळे, म्हणजे छंदिष्टांच्या भाषेत मश्रूम, बटन आणि लेदर. ही त्या यादीत नाहीत, ती चिवट असतात, आणि माझ्यासारख्या पगारदार माणसाला त्यांचा आणखी एक फायदा असा की ती पाण्यातील कॅल्शियम भराभर ओढून घेत नाहीत. दगडी प्रवाळांसाठी कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत इतके भाग) पातळीवर रोज राखावे लागते आणि त्यासाठी लोक ठरावीक मात्रा आपोआप सोडणारे महागडे डोसिंग पंप बसवतात. मऊ प्रवाळांच्या छोट्या टाकीत आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की तेवढ्याने भागते. तेव्हा कायदा पाळल्याने खिशालाही चाट बसत नाही. तरीही पक्के बिल घ्यावे, आणि एखाद्या जातीविषयी शंका आली तर खरेदीआधी वन विभागाकडे विचारणा करावी.

बटन प्रवाळांच्या बाबतीत एक इशारा आपल्या लेखात नव्हता, तो येथे देणे मला कर्तव्य वाटते. त्यांच्यातील काही जातींच्या अंगात पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. टाकीतील दगड स्वच्छ करण्यासाठी तो उकळत्या पाण्यात टाकल्यामुळे वाफेतून हे विष श्वासात जाऊन अख्खी कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशात घडलेल्या आहेत. अशा दगडाला हात लावताना रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा, हाताला जखम असेल तर ते काम पुढे ढकलावे, आणि दगड कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याने घासू नये. घरात लहान मुले असतील तर मी बटन प्रवाळे घेऊच नका असे सांगतो.

आता आठ दिवसांविषयी. टाकीत पाणी भरले, मीठ विरघळले, पंप सुरू झाला आणि पाणी आरशासारखे नितळ दिसू लागले म्हणजे ती तयार झाली असे वाटते खरे, पण त्या नितळ पाण्यात माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाची विल्हेवाट लावणारे कोणीच नसते. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे दोन प्रकारचे जिवाणू दगडांच्या छिद्रांत हळूहळू वसतात, आणि त्यांची वस्ती पुरेशी होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासा न सोडता अमोनियाचे थोडे थेंब किंवा चिमूटभर खाद्य टाकून जिवाणूंना पोसावे लागते, आणि तपासणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आलेले दिसल्याखेरीज पुढे जाता येत नाही. बाजारात जिवाणूंच्या बाटल्या मिळतात, त्यांना मी विरजण म्हणतो. विरजण चांगले असेल तर काम लवकर होते, पण दूध घातल्याघातल्या कोणी दही वाढायला घेत नाही. माझी पहिली टाकी ज्या दुकानातून आली, तेथील माणसाने टाकीबरोबरच दोन निळे डॅमसेल मासे पिशवीत घालून दिले आणि 'यांच्यामुळे टाकी चालू होते' असे सांगितले. अमोनियाने कल्ले भाजून ते दोन्ही मासे पाचव्या दिवशी गेले. टाकी चालू झाली, हे खरेच. पण त्यासाठी कोणाला मारण्याची गरज नव्हती, हे मला पुढे वाचनातून कळले.

त्या सहा आठवड्यांत दगडांवर आधी तपकिरी साय धरते आणि मग हिरवे शेवाळ येते. नवा माणूस इथे घाबरतो, सगळे पाणी काढून दगड घासतो आणि पहिल्या दिवसावर परत येतो. ते शेवाळ आपोआप ओसरू द्यावे.

पाण्याच्या प्रश्नावर मात्र मला थोडे सविस्तर लिहावे लागेल. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के भाग सोडियम आणि क्लोराइडचा असतो, पण उरलेल्या भागातील मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम यांच्यावाचून तिथला जीव जगत नाही. म्हणून स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, सागरी टाकीसाठी बनवलेले मिश्रणच लागते. ते ज्या पाण्यात विरघळवायचे, ते पाणी आधी शक्य तितके कोरे असावे. आपले नळाचे पाणी गंगापूर धरणातून येते, ते पिण्यास उत्तम आहे, पण त्यात क्लोरीन असते आणि थोडेफार क्षारही असतात. बोअरवेलचे पाणी तर आपल्या काळ्या खडकातून येत असल्यामुळे अनेक ठिकाणी चांगलेच जड असते. घरच्या आरओ यंत्राने हे क्षार निघून जातात, परंतु पुष्कळशा यंत्रांमध्ये चवीसाठी त्यांपैकी काही पुन्हा मिसळण्याची सोय केलेली असते, आणि माझ्या स्वयंपाकघरातील यंत्राचे पाणी, विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ७० दाखवते. पिण्यासाठी ते योग्यच आहे. टाकीसाठी मात्र त्या ७० मध्ये नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट किती, हे मीटर सांगत नाही, आणि शेवाळाला नेमके तेच हवे असते. म्हणून चवीची सोय बंद केलेल्या आरओपुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची एक नळी जोडावी, म्हणजे मीटर शून्यावर येतो. आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना त्याच्या दोन-तीन पट पाणी बाहेर टाकते; उन्हाळ्यात पाणीकपातीच्या बातम्या आपणच छापता, तेव्हा ते पाणी बादलीत धरून लादी पुसायला वापरावे, एवढे भान छंदिष्टाने ठेवलेच पाहिजे. काही जण डहाणू-बोर्डीकडून समुद्राचेच पाणी कॅनमध्ये भरून आणतात. किनाऱ्यालगतचे ते पाणी गढूळ असते, पावसाळ्यात नद्यांमुळे ते पातळ होते आणि त्यातून काय काय घरी येईल याचा नेम नसतो.

खारटपणा मोजण्याच्या बाबतीत नाशिककरांना एक गंमत सांगावीशी वाटते. माझे मेहुणे दिंडोरी तालुक्यात द्राक्षे पिकवतात, आणि मण्यातील गोडी मोजायचा त्यांचा रिफ्रॅक्टोमीटर मी सुरुवातीला उसना आणला होता, कारण दिसायला तो अगदी मी पुस्तकात पाहिलेल्या उपकरणासारखाच होता. त्यावर समुद्रासारखे खारे पाणी साधारण साडेचार ब्रिक्स (गोडीचे एकक) दाखवते, आणि त्या साडेचारवरून काहीच बोध होत नाही. उपकरण तेच असले तरी पट्टी वेगळी लागते. खाऱ्या पाण्याचा रिफ्रॅक्टोमीटर दर हजारी ३५ भाग हा आकडा दाखवतो आणि तो अधूनमधून ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा लागतो. मेहुण्यांकडून मी दुसरी गोष्ट मात्र शिकलो, ती कायमची उपयोगी पडली. पान-देठ परीक्षणाचा अहवाल हाती आल्याशिवाय ते बागेला कोणतेही खत देत नाहीत. टाकीत कोणतीही बाटली ओतण्यापूर्वी मी तीच शिस्त पाळतो.

आता आपल्या लेखात ज्याचा उल्लेखच नव्हता, त्या उन्हाळ्याकडे वळतो. या टाकीचे पाणी २४ ते २७ अंशांच्या दरम्यान असावे लागते. मऊ असो वा दगडी, प्रकाशावर जगणाऱ्या प्रवाळांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याने तयार केलेल्या अन्नावरच प्रवाळाचा बराचसा निर्वाह चालतो. पाणी सतत तापलेले राहिले तर प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. प्रत्यक्ष समुद्रातही हेच घडत आहे. एप्रिल २०२४ मध्ये प्रवाळांच्या विरंजनाची चौथी जागतिक घटना जाहीर झाली, आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. घरातील शंभर लिटर पाणी तर अरबी समुद्राच्या मानाने चहाचा कप आहे. नाशिकमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की बंद झाकणाच्या टाकीतील पाणी दोन दुपारींत ३२ अंशांवर पोहोचते.

मुंबईचे छंदिष्ट अशा वेळी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र घेतात, आणि त्याची किंमत छोट्या टाकीच्या मालकाला परवडणारी नसते. पण इथे नाशिकचे कोरडे हवामान आपल्या मदतीला येते. टाकीचे झाकण काढून पाण्यावर तिरका वारा येईल असा संगणकातला छोटा पंखा बसवला, तर एक लिटर पाणी वाफ होताना इतकी उष्णता घेऊन जाते की तेवढ्याने शंभर लिटर पाणी पाच अंशांहून अधिक थंड व्हावे. भोवतालची हवा उष्णता परत देत राहते म्हणून प्रत्यक्षात चार-पाच अंशांचा फरक राखण्यास मला दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी उडू द्यावे लागते. माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने हे चालते. दमट मुंबईत हाच पंखा निम्मेही काम करत नाही. पावसाळ्यात तो इथेही निकामी होतो, पण तेव्हा हवाच गार असल्यामुळे त्याची गरज नसते. अडचणीचे असतात ते ऑक्टोबरचे तीन आठवडे, आणि त्या दिवसांत मी टाकीवरचे दिवे दुपारऐवजी रात्री लावतो.

या उडणाऱ्या पाण्यानेच माझे सर्वांत मोठे नुकसान केले. पाणी उडते तेव्हा मीठ मागे राहते, म्हणून भर घालायची ती नेहमी कोऱ्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची कधीच नाही. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही चार दिवस जळगावला गेलो, तेव्हा शेजारच्या काकांना रोज संध्याकाळी कॅनमधून दोन लिटर पाणी टाकण्याची विनंती केली होती. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली दोन सारखे कॅन होते, एक कोऱ्या पाण्याचा आणि दुसरा आठवड्याच्या बदलासाठी कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याचा, आणि काकांनी अत्यंत इमानदारीने चारही दिवस दुसऱ्या कॅनमधून पाणी टाकले. शंभर लिटरमध्ये साडेतीन किलो मीठ असते. चार दिवसांत त्यात पावणेतीनशे ग्रॅमची भर पडून खारटपणा ३८ च्या जवळ गेला. त्यात तिसऱ्या दिवशी दुपारी पाच तास वीज नव्हती, म्हणजे पंप आणि पंखा दोन्ही बंद. आम्ही परतलो तेव्हा क्लीनर झिंगा मेलेला होता, लेदर प्रवाळ काळे पडून गळत होते, आणि काका बिचारे मासे वर येऊन का तोंड उघडत आहेत याचा विचार करत टाकीसमोर बसले होते. चूक माझी होती. कॅनवर काही लिहिलेले नव्हते. आता खाऱ्या पाण्याच्या कॅनला लाल झाकण आहे, आणि टाकीला बॅटरीवर आपोआप सुरू होणारा छोटा हवेचा पंप आहे, जो वीज गेल्यावर प्राणवायूची सोय करतो. खारटपणा चढला असेल तर तो एका झटक्यात उतरवू नये, दोन-तीन दिवसांत थोडा थोडा उतरवावा, हेही त्याच वेळी अनुभवाने कळले.

हिवाळ्याचे काम त्या मानाने सोपे आहे. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की आमच्या घरातले पाणीही रात्री थंड पडते. शंभर वॅटचा हीटर आणि त्याला वेगळा थर्मोस्टॅट एवढ्याने भागते. विजेच्या प्रत्येक तारेला सॉकेटच्या खाली झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे खारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता जमिनीवर टपकते, आणि वायरमनकडून त्या बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.

माशांबाबत आपल्या लेखात निळ्या टँगची शिफारस होती. तो मासा फूटभर वाढतो आणि रोज लांबलांब पोहतो. दोन फुटांच्या टाकीत त्याला ठेवणे म्हणजे उमद्या घोड्याला गच्चीत बांधणे. शंभर लिटरला क्लाउनफिशची एक जोडी आणि एखादा गोबी पुष्कळ झाले. क्लाउनफिश समुद्रातून पकडलेला घेण्याऐवजी हॅचरीत जन्मलेला मागावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचे तंत्र फार पूर्वीच विकसित केले आहे आणि आपल्या राज्यातही ऐरोली येथे त्याची हॅचरी उभी राहिली आहे. असे मासे पहिल्या दिवसापासून गोळी-खाद्य खातात आणि कसारा घाट चढून आलेला पिशवीतला प्रवास अधिक चांगला सोसतात. दुकानात नर-मादी अशी जोडी मागण्याचीही गरज नाही, कारण सगळे क्लाउनफिश नर म्हणून वाढतात आणि जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. माझ्या घरी हा बदल व्हायला सुमारे वर्ष लागले, आणि तेव्हापासून टाकीत कोणाचे चालते हे विचारावे लागत नाही.

आपणास विनंती अशी की येत्या रविवारच्या पुरवणीत निदान दगडी प्रवाळांसंबंधीच्या कायद्याचा खुलासा त्याच जागी आणि तेवढ्याच ठळकपणे छापावा, आणि लेखाच्या वेबआवृत्तीवरील ते छायाचित्र बदलावे. माझ्या टाकीतील मश्रूम प्रवाळांचे छायाचित्र या पत्रासोबत पाठवत आहे. ते आपण मोकळेपणाने वापरू शकता.

आपला,
एक नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक